शेरू, चिंगी आणि जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण

मावशीचा फोन सकाळी पावणेसातला वाजला, आणि मावशी एवढ्या सकाळी फोन करते म्हणजे एकतर कोणीतरी गेलंय नाहीतर शेरूला काहीतरी झालंय. "अगं रात्रीपासून उलट्या करतोय, आता जुलाबातून रक्त पण पडतंय, मला वाटतं त्या माळ्याच्या औषधानंच केलं, तू ये लवकर." मी नाशकातच राहते, वीस मिनिटांवर. जाईपर्यंत शेरू मागच्या फरशीवर आडवा पडलेला, शेपटीसुद्धा हलवेना. हा तोच शेरू जो माझ्या गाडीचा आवाज ऐकून गेटवर उड्या मारतो.

हे सगळं नीट लिहून काढतेय कारण नंतरच्या चार-पाच महिन्यांत त्या बागेत जे जे केलं त्यातलं निम्मं चुकलं, आणि चुकलं ते रासायनिक-सेंद्रिय ह्या नेहमीच्या भांडणापेक्षा वेगळ्याच जागी चुकलं.

आधी घर समजून घ्या. रो हाऊस, पुढे छोटं अंगण, मागे फरशी घातलेली जागा, सगळ्या मिळून चाळीसेक कुंड्या. त्यात सहा जास्वंदी, कारण मावशीकडे रोज गणपतीला लाल फूल लागतं म्हणजे लागतंच. दोन लिंबं, कढीपत्ता, वांगी, टोमॅटो, तुळस, बाकी शोभेची. शेरू हा अठरा किलोचा देशी कुत्रा, त्याला उकरायची सवय. आणि चिंगी, चार वर्षांची मांजर, दिवसभर जास्वंदीच्या सावलीत पडून अंग चाटत बसणार. ह्या दोन सवयी लक्षात ठेवा, उकरणं आणि चाटणं, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

फेब्रुवारी संपता संपता जास्वंदीचे शेंडे आकसायला लागले, कोबीसारखे गुच्छ झाले, पानांच्या बेचक्यात कापूस चिकटवल्यासारखं पांढरं. मिलीबग, आपला पिठ्या ढेकूण. खालची फरशी चिकट झाली, अनवाणी गेलं की तळवे चप-चप करायचे, कारण हे किडे रस पितात आणि जास्तीची साखर मागून सोडून देतात. मग त्या साखरेवर काळी बुरशी, आणि साखर प्यायला मुंग्यांची रांग. माळी पंधरा दिवसांनी येतो, त्यानं मार्चमध्ये दोनदा काहीतरी उग्र वासाचं फवारलं, पुढच्या गल्लीपर्यंत वास. ढेकूण चार दिवस कमी झाले, परत आले. हे होणारच होतं, मादी कापसासारख्या पिशवीत शेकड्यानं अंडी घालते आणि त्या पिशवीच्या आत औषध फारसं जातच नाही.

तर शेरूच्या आजाराच्या दोन दिवस आधी माळी दुसरी फवारणी करून गेलेला, म्हणून सगळ्यांचा संशय फवाऱ्यावर. डॉक्टरांकडे गेल्यावर मात्र गोष्ट फिरली. त्यांनी शेरूच्या डोळ्यांत टॉर्च मारला, तोंड उघडून बघितलं, पाय हातात धरून बघितले. म्हणाले ऑर्गॅनोफॉस्फेटची (फवाऱ्यातल्या कीटकनाशकांचा एक गट) विषबाधा असती तर लाळ गळली असती, अंग थरथरलं असतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असत्या, इथे तसलं काहीच नाहीये, फक्त पोट आणि आतडी. "कुंडीत काय घातलंय का नवीन?"

मावशी गप्प. मग हळूच म्हणाली, "पेंड घातली ना त्यानं. वाळवी, हुमणी येत नाही म्हणाला."

कुठली पेंड? एरंडीची. आणि सोबत हाडांचा चुरा, म्हणजे बोनमील.

मी काकांना फोन करून मागे बघायला सांगितलं, तर वांग्याच्या दोन कुंड्या पार तळापर्यंत उकरलेल्या, मातीत नाकाचे ठसे. शेरूनं बोनमीलच्या वासानं माती उकरून पेंडीचे खडे खाल्ले होते. एरंडीच्या बीत रायसिन नावाचं विष असतं, ते तेलात उतरत नाही, मागे पेंडीतच राहतं. पेंड नीट उष्णतेनं प्रक्रिया केलेली असेल तर ते बरंच नष्ट होतं पण तुमच्या हातातल्या सुट्ट्या पेंडीचं काय झालंय ते कोण सांगणार. लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही तास कधी अख्खा दिवस जातो, म्हणून आपण भलत्याच गोष्टीवर आळ घेतो. आणि ह्याला उतारा म्हणून असं औषध नाही. सलाईन, उलटीचं इंजेक्शन, पोटाला आराम, आणि वाट बघायची. शेरूला तीन दिवस सलाईन लागलं. चौथ्या दिवशी त्यानं मऊ भात चाटला तेव्हा मावशी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली.

माळ्याला मी दोष देत नाही. एरंडीची पेंड शेतात वर्षानुवर्षं वापरतात, खत म्हणून चांगलीच आहे, पण शेतात ती नांगरून खोल जाते आणि वर शेरू नसतो. मी त्याला एवढंच विचारलं की अजून काय काय आहे पिशवीत, तर एका पुडीत काळपट दाणे निघाले. फोरेट, दाणेदार कीटकनाशक. ज्याला सगळे थायमेट म्हणतात. त्याच्यावर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी जुनी पुडी कुठे कुठे अजून फिरते, आणि ते दाणे तर चमचाभरसुद्धा कुत्र्याला भारी पडतात. नशीब ते अजून कुंडीत गेले नव्हते.

आता गंमत पुढे. मावशीनं शपथच घेतली की ह्या घरात यापुढे विकतचं औषध येणार नाही, सगळं घरगुती. आठवड्यानं मी गेले तर मागच्या दाराजवळ निळा ड्रम, वर गोणपाट बांधलेलं, आणि शेरू (अजून अशक्त, पण नाक शाबूत) त्या ड्रमभोवती घिरट्या घालतोय.

"काय आहे गं हे?"

"दशपर्णी अर्क. शेजारच्या काकूंनी सांगितलं, एकदम नॅचरल."

मी गोणपाट उचललं. कडुनिंब, निर्गुडी, घाणेरी, सीताफळ, करंज, पपई इथपर्यंत ठीक. मग रुई. मग एरंडाचीच पानं! मग धोतरा. आणि वर तरंगणारी लांबट, जाडसर पानं, कण्हेरीची. सगळं शेण आणि गोमूत्रात भिजलेलं, आणि शेणाचा वास म्हणजे कुत्र्याला जेवणाचं आमंत्रण. मी म्हटलं, "मावशी, ह्यात कण्हेर आहे, धोतरा आहे. शेरूनं ह्यातलं वाटीभर प्यायलं तर मागच्या वेळेपेक्षा वाईट होईल." कण्हेर थेट हृदयावर जाते. ती दहा मिनिटं माझ्याशी बोललीच नाही, कारण तिनं पानं गोळा करायला दोन सकाळी घालवल्या होत्या. दशपर्णी शेतकऱ्याच्या कामाची चीज आहे, त्याला मी काही म्हणत नाही, पण तिची ताकदच मुळी ह्यात आहे की गुरं ज्या झाडांना तोंड लावत नाहीत ती पानं त्यात घालतात. कीड मरते ती झाडांच्या विषानंच ना.

त्याच दिवशी तिच्या वहीतली बाकीची यादीही बघितली. तंबाखूचं पाणी: निकोटिन, कुत्र्या-मांजरांना फार थोड्यातही वाईट, कट. लसूण-मिरचीचा अर्क: माणसाच्या भाजीत लसूण चालतो पण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी त्यानं फुटतात, कांदा-लसूण दोन्ही, आणि चिंगी पानाखाली बसून ठिबकलेलं सगळं अंगावर घेऊन चाटणार, कट. कुंडीत डांबर गोळ्या: कट, ते तर आपणही हुंगू नये. मुंग्यांसाठी खडूच्या रेघा: त्यात पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं, चिंगी त्यावरून चालणार आणि पंजे चाटणार. ह्या गटातलं परमेथ्रिन तर मांजराला खास घातक, कारण असल्या गोष्टी विघटित करायची यंत्रणा मांजराच्या लिव्हरमध्ये अपुरी असते, कुत्र्याला जे चालतं ते मांजराला चालतंच असं नाही. टी ट्री ऑइल, संत्र्याच्या सालीचं तेल घातलेले सुगंधी स्प्रे पण त्याच कारणानं नको. यादीत उरलं काय तर साबण आणि कडुनिंबाचं तेल. मावशी म्हणाली, "मग राहिलं काय, हात?"

हो. हातच.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघी बसलो. सगळ्यात जास्त आकसलेल्या फांद्या सरळ कापल्या, निरोगी डोळ्याच्या जरा वर, आणि कापलेलं कंपोस्टात न टाकता काळ्या पिशवीत घालून तोंड बांधून गच्चीवर उन्हात ठेवलं. नाशकातलं एप्रिलचं ऊन, दोन दिवसांत आतला सगळा माल उकडून निघतो. प्रत्येक झाडानंतर कात्री धुतली. मग पाण्याचा पाइप, अंगठ्यानं तोंड दाबून जोराची धार, पानांच्या खालून. खालून हे महत्त्वाचं, सगळे वरून पाणी मारतात आणि किडे खाली आरामात. टोमॅटोवरचा मावा तर निव्वळ पाण्याच्या धारेनंच गेला, तीन दिवस रोज सकाळी मारली, पडलेला मावा परत चढत नाही फारसा. पिठ्या ढेकूण चिवट असतो, त्याला जुना टूथब्रश. एका वाटीत साबणाचं पाणी, ब्रश बुडवायचा, बेचक्यात फिरवायचा. गाठीसारखं जिथे बसलंय तिथे कापसाच्या बोळ्यावर सर्जिकल स्पिरिट लावून टिपायचं, मेण विरघळतं आणि किडा लगेच तपकिरी पडतो. हे करताना चिंगीला आत कोंडलेलं, स्पिरिट उडून जाईपर्यंत.

साबणाचं प्रमाण आम्ही लिटरला एक टीस्पून साध्या लिक्विड साबणाचं ठेवलं, कपड्याची पावडर नाही, भांड्याचं लिंबूवालं नाही, बिनवासाचं. साबण फक्त ओला असताना आणि किड्याला प्रत्यक्ष लागला तरच काम करतो, वाळला की संपलं. म्हणजे एका अर्थानं चांगलंच, मागे काही उरत नाही. आधी एकाच फांदीवर मारून एक दिवस थांबलो, पान करपलं नाही, मग बाकी. संध्याकाळी मारायचं, सकाळी साध्या पाण्यानं धुऊन काढायचं. दर सात दिवसांनी, असं चार वेळा, कारण अंड्यातून नवी पिल्लं निघतच राहतात आणि त्यांच्या अंगावर अजून मेण नसतं, तेव्हाच ती सापडतात. एकदा फवारून "काही उपयोग नाही झाला" म्हणणारे लोक इथेच चुकतात.

कडुनिंबाचं तेल दोनदा वापरलं, लिटरला ५ मिली, आधी कोमट पाण्यात साबणाबरोबर घुसळून पांढरं दूध झालं की मग बाकीचं पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पहिली चार पानं जळतात. कडुनिंब सुरक्षित सुरक्षित म्हणून लोक मांजराच्या अंगाला पिसवांसाठी तेल चोळतात, ते अजिबात करू नका, लाळ गळणं, झटके असे प्रकार होतात. झाडावर पातळ करून मारलं तरी वाळेपर्यंत मागचं दार बंद, रात्रभर. सकाळी चिंगी रागावलेली असायची, असू दे.

मुंग्यांचं प्रकरण जास्त किचकट निघालं. मुंग्या पिठ्या ढेकणांना राखतात, गुराखी गुरं राखतो तशा, ढेकूण खाणाऱ्या किड्यांना हाकलतात आणि पिल्लांना नव्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. म्हणजे मुंग्या असेपर्यंत तुम्ही घासत राहा. मावशीनं कुंड्यांच्या खाली पाण्याच्या ताटल्या ठेवल्या, तर आठ दिवसांत त्यात डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या, डेंग्यूला आमंत्रण, काढून टाकल्या. शेवटी जास्वंदीच्या कुंड्या लोखंडी स्टँडवर चढवल्या, भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटल्या म्हणजे मुंग्यांचा आडरस्ता बंद, आणि स्टँडच्या पायांना व्हॅसलिनचा जाड पट्टा. चिंगीनं एकदा चाटलं तरी काही झालं नाही. धुळीनं पट्टा भरला की पुसून नवा. वारुळाच्या बाजूला साखरपाण्यात जेमतेम एक टक्का बोरिक पावडर, ती औषधाच्या जुन्या बाटलीत, झाकणाला सुईची भोकं, आणि बाटली शेरूला न पोचेल अशी पायऱ्यांखाली विटेखाली. प्रमाण मुद्दाम कमी, जास्त घातलं तर मुंगी वाटेतच मरते, कमी घातलं तर वारुळात नेऊन बाकीच्यांना पाजते.

आणि पिवळे चिकट पत्रे. पांढऱ्या माशीसाठी आणले, मी स्वतः वांग्याच्या उंचीला लावले, आणि दुसऱ्या दिवशी काका फोनवर हसू आवरत नव्हते. चिंगीची शेपूट. पत्र्यासकट ती सोफ्याखाली. पाण्यानं काही होईना, शेवटी गोडेतेल चोळून चोळून केस सोडवले, मग बेबी शाम्पू, मग ओरखडे (काकांना, दोन). आता पत्रे साडेपाच फुटांवर तारेला लोंबतात. तिथे माशा कमी सापडतात हे मान्य आहे.

मेच्या मध्यावर मावशीनं मला फोटो पाठवला, "बघ, परत आले, आणि ह्यावेळी मोठे!" पांढरे, अंगावर लांब लांब मेणाचे दोरे, पिठ्या ढेकणाच्या दुप्पट. तिनं सात-आठ चिरडले पण होते. मी म्हटलं थांब, काडीनं एकाला डिवच आणि व्हिडिओ काढ. व्हिडिओत तो किडा काडी लागताच तुरुतुरु पळाला. पिठ्या ढेकूण असा पळत नाही, तो सुस्त. हे ढालकिड्याचं (लेडीबर्डचं) पिल्लू होतं, क्रिप्टोलिमस नाहीतर त्याचा चुलतभाऊ स्किम्नस, जे स्वतःच मेणाचा झगा घालून ढेकणांच्या कळपात घुसतात आणि त्यांनाच खातात. क्रिप्टोलिमस मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ मध्येच आणलेला. पपईवरच्या मिलीबगची मोठी साथ आली होती तेव्हा पण असंच, २०१० मध्ये बंगळुरूच्या संस्थेनं बारीक परजीवी माश्या पोर्तो रिकोहून आणून सोडल्या आणि ती कीड खाली बसली. मावशीला मी हे सगळं सांगितलं तर तिला फक्त चिरडलेल्या आठांचं वाईट वाटत राहिलं. त्या दोन जास्वंदींवर मग साबणसुद्धा बंद केला, साबणानं ती पिल्लं पण मरतात.

लिंबावरच्या अळ्या, त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात त्या, तिनं हातानं उचलून अंगणाबाहेर आपोआप उगवलेल्या कढीपत्त्यावर सोडल्या. फुलपाखरू होतं त्यांचं. त्यावर औषध मारायचा प्रश्नच नव्हता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि पिठ्या ढेकूण जवळजवळ संपले. खरं सांगायचं तर ह्यात पावसाचा वाटा मोठा आहे, ही कीड कोरड्या उन्हाळ्याची, सरींनी धुऊन जाते, आमच्या ब्रशला सगळं श्रेय देणं बरं नाही. पण मागच्या वर्षी फवारण्या करूनही पावसात दोन जास्वंदी मेल्या होत्या, ह्यावर्षी एक पण नाही, एवढं नोंदवून ठेवते.

पावसाबरोबर गोगलगायी आल्या. दुकानदारानं निळसर गोळ्या पुढे केल्या, मी नाव वाचलं, मेटाल्डिहाइड, ठेवून दिल्या. त्या गोळ्या चवीला कुत्र्याला आवडतात आणि मग झटके, ताप, सगळं भयंकर. २०२२ मध्ये मराठवाड्यात सोयाबीनवर गोगलगायी आल्या तेव्हा कृषी खात्यानं सांगितलेली दुसरी साधी युक्ती वापरली: गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी ठेवायचं, सकाळी उचलायचं, खाली सगळ्या गोळा. हातमोजे घालून, मिठाच्या पाण्याच्या बादलीत, आणि बादली लगेच झाकायची. पहिल्या सकाळी एकसष्ट. शेरूला गूळ आवडतो हे आम्ही विसरलो, त्यानं पहिलं गोणपाट गेटपर्यंत ओढून नेलं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्यावर उलटी टोपली आणि टोपलीवर वीट, कडेनं गोगलगायीपुरती फट.

एरंडीची उरलेली पेंड काकांनी ओळखीच्या शेतकऱ्याला देऊन टाकली, फोरेटची पुडी मात्र कोणाला द्यायची नव्हती, ती डबल पिशवीत बंद करून घातक कचऱ्यात वेगळी दिली. आता कुंडीत निंबोळी पेंड जाते, तीही मातीत बोटभर खाली दाबून, वर नारळाच्या शेंड्या आणि दगड, म्हणजे उकरायला मजा येत नाही. बोनमील बंद. डॉक्टरांनी मावशीला एकच सांगितलंय, काही आणलं तर पाकिटाचा फोटो काढून ठेवा, प्राणी आजारी पडला तर मला आधी तो दाखवा. तिच्या फोनमध्ये आता चिंगीच्या फोटोंमध्ये मधेमधे खताच्या पिशव्या आहेत.

गणपतीत सहापैकी पाच झाडांना फुलं होती. सहावं, पायऱ्यांजवळचं, अजून धड नाही. त्याच्या खाली पुन्हा मुंग्या दिसतायत आणि मावशीचं म्हणणं आहे की फरशीच्या फटीत दुसरं वारूळ आहे. रविवारी येते म्हटलंय मी. टूथब्रश तिच्याकडे आहे, व्हॅसलिन मी नेतेय.